डोळ्यांना लावायचं औषध

ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षाची बाग नुकतं जावळ काढलेल्या पोरासारखी दिसते. काड्या उघड्या, पान नाही, आणि काडीवरचे डोळे गाढ झोपलेले. त्यांना उठवायला एक औषध लावावं लागतं. त्याचं खरं नाव हायड्रोजन सायनामाईड, पण ते नाव कॅनवर असतं आणि कॅनवरच राहतं. नळदुर्गच्या आसपासच्या बागांमधून सगळे त्याला 'डोळे फोडायचं औषध' म्हणतात. ज्याला बागेतलं काही कळत नाही तो हे नाव ऐकून दचकतो. ज्याला कळतं तो दचकत नाही. वास्तविक दचकायचं त्यानंच.

रुद्रम्मा दचकायची. तिची बायकांची टोळी होती. छाटणी, डोळ्यांना औषधाची पेस्ट, विरळणी अशी सगळी कामं ती घ्यायची. नवरा हैदराबाद रोडला ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. त्यामुळं घरातलं आणि टोळीतलं शेवटचं वाक्य तिचंच असायचं. त्या दिवशी नवरात्राची सहावी-सातवी माळ असेल, ती गौरीशंकरच्या बागेच्या बांधावर उभी होती आणि शेवटचं वाक्य बोलायला अजून अवकाश होता.

"अण्णा, हातमोजे?"

"हातमोजे घातले की बोटाला डोळा समजत न्हाय," गौरीशंकर म्हणाला. बाग त्याची, कॅन त्याचा, घाईही त्याचीच. छाटलेली काडी फार थांबत नाही, एक-दोन दिवसांत तिला औषध लागावंच लागतं. "गेल्या साली लावलंच की तुमी, बिगर हातमोज्याचं."

"लावलं. आन मल्लम्माच्या हाताची सालटी निघाली, कांद्यावानी. एक थेंब डोळ्यात उडाला तर महिनाभर डोळा गुंजेसारखा लाल. जाऊ हाय माझी. तिच्या घरचा सैपाक म्या केलाय."

गौरीशंकर शिकलेला माणूस. पुराव्याशिवाय त्याला चालायचं नाही. त्यानं कॅन उचलला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "'त्वचेला व डोळ्यांना लागू देऊ नये.' बघा! कंपनीच खुळी. औषध डोळ्यांना लावायचं, आन वर लिवतेत डोळ्यांना लागू देऊ नका. मग काय कानाला लावायचं?"

बांधावरची माणसं हसली. बायका हसल्या नाहीत.

"अण्णा, ते वेलाच्या डोळ्यांचं न्हाय, माणसाच्या डोळ्यांचं लिवलंय."

"मग तसं लिवायचं की सरळ."

"सरळच लिवलंय. वाचणारा वाकडा हाय." रुद्रम्मा तोंड न हलवल्यासारखी बोलायची, त्यामुळं टोला बसलेल्यालाही तो बसल्याचं उशिरा कळायचं. "हे बघा. कोपरापत्तर रबरी हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मे, अंगावर कोट. बांधावर पाण्याची टाकी आन साबण. आन हा कॅन आत्ता सावलीत घ्या, उन्हात ठिवायची चीज न्हाय ती, तापली की बिघडती."

"चष्मे? तुमी पेस्ट लावणार का शिनेमात काम करणार?"

"मिळालं तर तेबी करू. तवर हे काम न्हाय."

हे ते शेवटचं वाक्य. टोळीनं पदर खोचले आणि डबे उचलले. जाता जाता रुद्रम्मा मागं वळली.

"आन जो कोण लावंल त्याला सांगून ठिवा. लावायच्या आदल्या दिवसापासनं पुढं आठवडाभर बाटलीला शिवायचं न्हाय. शिवला तर तोंड लालबुंद हुईल, जीव घाबरा हुईल आन जाग्यावर आडवा पडंल. माझा सख्खा भाऊ पडला हुता, म्हायेरच्या मळ्यात."

पुढं गावानं यातलं 'माझा सख्खा भाऊ' तेवढं नेमकं गाळलं. बाकीचं पाठ केलं.

*

काम गेलं पुरुषांच्या टोळीकडं. तिचा पुढारी सिद्धलिंग, म्हणजे रुद्रम्माचा धाकटा दीर आणि मल्लम्माचा नवरा. गौरीशंकरनं विचारलं, "हातमोजे पाहिजेत का?" सिद्धलिंगनं टोळीकडं पाहिलं आणि म्हणाला, "आमी काय बाया हाय का?" पुरुषार्थाच्या या व्याख्येवर कुणाचा आक्षेप नव्हता. औषधात गेरू कालवला, कोणत्या काडीला लागलं आणि कोणती राहिली ते कळावं म्हणून. स्पंजचे तुकडे वाटले आणि उघड्या हातांनी तीन दिवस अर्ध्या बागेचे डोळे माखून झाले. संध्याकाळी हात चरचरायचे. त्यावर खोबरेल लावायचं आणि चरचरतंय असं कुणाला सांगायचं नाही, असा अलिखित ठराव होता.

या टोळीत धनाजी होता. धनाजीला काम फार आवडायचं. तासन्‌तास बसून बघत राहायचा. बांधावर लिंबाचं झाड होतं. तिथून बाग चांगली दिसते म्हणून तीन दिवस त्यानं तिथून देखरेख केली. देखरेख करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि करू नको असंही कुणी म्हटलं नाही.

इथं बोर्डाविषयी सांगायला हवं. घटस्थापनेला माजी सरपंच वीरप्पांनी गावातल्या सगळ्या पुरुषांना देवळासमोर उभं करून दारू सोडायची शपथ दिली होती. गावच्या कमानीला बोर्ड लागला. दिवाळीनंतर जिल्ह्याची समिती येऊन तपासणार आणि गावाला बक्षीस देणार, असं ठरलेलं. रंगाऱ्यानं वरच्या ओळीत मोठ्या अक्षरात 'व्यसन' आणि खालच्या ओळीत 'मुक्त गाव' असं लिहिलं. हायवेवरचे ट्रकवाले ते वाचून गाडी आत घालायचे आणि कुठं मिळते म्हणून विचारायचे. पण ते परगावचे. गावातल्या माणसांना बोर्डाचा अर्थ माहीत होता, आणि शपथेचाही. सिद्धलिंगच्या मते शपथ नवरात्रात घेतली म्हणजे ती नवरात्रापुरती.

नवरात्र संपलं. दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं एकमेकांना देऊन झाल्यावर सिद्धलिंगची टोळी गौरीशंकरच्या मोटारीच्या खोलीमागं बसली. नऊ दिवसांचा उपास, तीन दिवसांचं काम आणि सणाचा दिवस. इतकी कारणं एकत्र क्वचितच मिळतात.

पहिला ग्लास खाली ठेवेपर्यंत तोंडं लाल झाली. नुसती लाल नाही, तर ग्रामपंचायत बिनविरोध जिंकल्यासारखी, कानापासून गळ्यापर्यंत. मग डोकं ठणकायला लागलं, छातीत मोटार सुरू झाली, एकामागून एक ओकायला लागले. सिद्धलिंग भिंतीला टेकून तोंड उघडून श्वास शोधत होता. धनाजी तेवढा मांडी घालून शेंगदाणे खात, काय झालं, काय झालं, म्हणून विचारत होता.

मल्लम्मा पळत रुद्रम्माच्या दारात आली. "अक्का, ह्यांना बघ चल. लाल झालेत गं सगळे. जिवंत ऱ्हातेत का न्हाय!"

रुद्रम्मानं 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही. त्याला वेळ लागतो. तिनं गौरीशंकरचा पिकअप काढायला लावला, माणसं आत घातली, आणि निघता निघता बांधावरचा रिकामा कॅन खताच्या पिशवीत हात घालून उचलला आणि बरोबर घेतला.

नळदुर्गला डॉक्टर राघवेंद्र यांचा दवाखाना. दसऱ्याचं जेवण अर्धं टाकून डॉक्टर खाली आले.

"काय झालं? आज काय केलं होतं?"

"डोळ्यांना..." सिद्धलिंगला धाप लागली, "डोळ्यांना औषध लावलं हुतं, साहेब. कालपत्तर."

डॉक्टर मूळचे तुळजापूरचे, घरी पिढ्यान्‌पिढ्या पूजाअर्चा आणि मास्तरकी. द्राक्षाशी त्यांचा संबंध बाजारातून आणलेल्या पुडीपुरता. त्यांनी बॅटरी घेतली, सिद्धलिंगच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब घातले. दुसऱ्याला विचारलं. त्यानंही डोळ्यांना औषध लावलं होतं. तिसऱ्यानंही.

"सगळ्या गावाचे डोळे आलेत की काय?"

"न्हाय साहेब, आजून न्हाय आले," तिसरा विव्हळत, पण माहितीपूर्ण म्हणाला. "आठ-धा दिवसानं फुटतील."

"फुटतील?"

"फुटायलाच पायजेत. न्हाय फुटले तर अण्णा हाजरी देत न्हाय."

डॉक्टरांच्या हातातली बाटली तिरकी झाली. तेवढ्यात रुद्रम्मानं पिशवीसकट कॅन टेबलावर ठेवला. "साहेब, द्राक्षाचे डोळे. हे वाचा. हात नका लावू."

डॉक्टरांनी वाचलं आणि ते एकदम डॉक्टर झाले. "प्यायलेत का हे?"

"न्हाय!" सगळे एका सुरात म्हणाले. तेवढ्या श्वासानं दवाखान्यात मोटारीच्या खोलीमागचा वास पसरला.

मग ऑक्सिजन आला, सलाईन लागली. नाडी बघता बघता डॉक्टर बोलत होते, कुणाला असं नाही, पण ऐकत रुद्रम्मा आणि मल्लम्मा होत्या. "दारू पोटात गेली की शरीर ती मोडून काढतं. हे रसायन ते काम मध्येच अडवून धरतं. अर्धवट मोडलेलं विष रक्तात साठतं, म्हणून हे लाल तोंड, ही धडधड. याला उतारा असं औषध नाही. शरीर सावरेपर्यंत सांभाळायचं, एवढंच. एखाद्याचं हृदय कच्चं असतं तर आज निभावलं नसतं. आणि हे नुसतं पिऊन पोटात जातं असं नाही, कातडीतून जातं, वाफेतून जातं. उघड्या हातांनी लावलं? बघू हात." त्यांनी हात बघितले आणि मलमाची चिठ्ठी लिहायला घेतली.

धनाजी दवाखान्याच्या दारात उभा होता. तोही तेवढाच प्यायला होता आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं. हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही, रुद्रम्माच्या आलं.

*

सकाळी सगळे आपल्या पायांनी घरी आले आणि गावापुढं प्रश्न उभा राहिला.

वीरप्पांनी तो नीट मांडला. गाव व्यसनमुक्त आहे. तसा बोर्ड आहे. म्हणजे गावात कुणी दारू पिऊ शकत नाही. कुणी प्यायलं नाही, तर मग दारूनं झालं असं डॉक्टर म्हणतो ते खोटं. मग झालं कशानं? तर रुद्रम्मा चार माणसांत म्हणाली होती, तोंड लाल होईल आणि आडवे पडाल. तोंडं लाल झाली. आडवे पडले. शब्दाला शब्द.

बोर्ड खोटा ठरवायचा की बाई, एवढाच निवाडा उरला होता. बोर्ड नवा होता.

भानामती हा शब्द मात्र कुणी उच्चारला नाही. ग्रामसेवकांनी सांगून ठेवलं होतं की त्या शब्दाला कायद्यानं बंदी आहे, गुन्हा दाखल होतो. म्हणून सगळे 'तसला प्रकार' म्हणायचे. कायद्याचा एवढा मान गावानं आजवर राखला नव्हता.

धनाजीला काही कसं झालं नाही, याचंही उत्तर दुपारपर्यंत तयार झालं. ते मल्लम्मानं रडत रडत आणलं. "अक्का, म्हणतेत, तिनं त्याला मुद्दाम सोडलं. म्हणतेत तुझं त्याच्यावर..."

"कुणावर?"

"धनाजीवर."

रुद्रम्मा भाकरी थापत होती. ती थांबली. "मल्लम्मा, तसल्या प्रकाराचं जाऊ दे. पर माझी निवड एवढी वाईट वाटली व्हय गावाला?"

संध्याकाळी सिद्धलिंग आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला, छताची कौलं मोजल्यासारखी बघितली. हात उपरण्यात गुंडाळलेले होते.

"वैनी, पंचांचं ठरलंय. उद्या सकाळी पारावर यायचं, महादेवापुढं एक नारळ फोडायचा आन 'चुकले' म्हणायचं. संपलं. न्हायतर तुमच्या टोळीला गावातल्या एकाबी बागंत काम न्हाय. माकणीपत्तरच्या बागवाल्यांना फोन जातील म्हणतेत."

"भावजी, तुमी प्याला हुता का न्हाय?"

"तसं... सोन्यापुरतं."

"मग पारावर तेवढं सांगा."

"बोर्ड लागलाय की वो वैनी!"

"बोर्ड लागलाय, म्हणून म्या चुकले?"

सिद्धलिंग तिच्याकडं न बघता म्हणाला, "नारळात काय जातंय? नारळ बी आमीच आणतो. वीरप्पाअण्णा देणार हाईत. तुमी फक्त फोडायचा. दोन मिन्टाचं काम. तुमच्या टोळीच्या बायांच्या चुली तुमच्यावर हाईत, बघा."

हे मात्र खरं होतं आणि रुद्रम्माला ते टोचलं. दुपारी फोनवर नवराही हेच म्हणाला होता: फोड आणि सोड. तिनं तवा उतरवला.

"भावजी, नारळ हलका असतोय. फोडल्यावर जे डोस्क्यावर बसतंय ते जड. आज म्या चुकले म्हणलं की उद्या कुणाची म्हस आटली, रुद्रम्मा. कुणाच्या लेकराला ताप आला, रुद्रम्मा. माझी श्रीदेवी लगनाला आलीय. तिला बघायला येणारा आधी पारावर चौकशी करंल. आन लई मोठी गोष्ट म्हंजे, पुढच्या साली तुमी पुन्यांदा उघड्या हातानं तेच लावणार, पुन्यांदा पिणार, आन या खेपेला एखादा उठणार न्हाय. का? तर औषधात दोष न्हाय, रुद्रम्मात हुता, आन तिनं नारळ फोडलाय. म्हंजे मरणार तुमी आन त्याला वाट मोकळी करून दिली म्या. न्हाय जमायचं."

"मग उद्या येणार न्हाय?"

"येणार की. बोलावलंय तर येणार. हात असे का गुंडाळलेत?"

"थंडी."

"दसऱ्यात?"

सिद्धलिंग उठून गेला. दाराआड मल्लम्मा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्यामागं घरी गेली नाही. टोळीतल्या एकेकीच्या घरी गेली.

*

सकाळी पार भरला. वीरप्पा मध्यभागी, समोर ताटात नारळ, हळदकुंकू. नारळ चांगला पाणीदार निवडला होता. गौरीशंकर काठावर बसून सारखा बागेच्या दिशेनं बघत होता. उरलेली अर्धी बाग सिद्धलिंगच्या माणसांनी दसऱ्याच्या सकाळीच कशीबशी छाटली होती, आणि छाटलेली काडी पंचायतीसाठी थांबत नाही. औषध लावायला आता माणसं नव्हती: पुरुषांचे हात उठत नव्हते आणि बायकांना बंदी होती.

रुद्रम्मा आली. मागं तिची सगळी टोळी.

"ये रुद्रम्मा," वीरप्पा दयाळूपणे म्हणाले. "आमाला कुणाचं वाईट करायचं न्हाय. तसला प्रकार झाला, मान्य करायचं, नारळ फोडायचा, घरी जायचं."

"फोडायचा का न्हाय ते बघू, अण्णा. आदी एक काम. भावजींच्या टोळीत जे जे कामाला हुते, त्यांनी हात वर करा."

गावात 'हात वर करा' म्हटलं की कशासाठी हे कुणी विचारत नाही, ग्रामसभेची सवय. हात वर झाले. उपरण्यातून, खिशातून, शालीखालून निघाले आणि वर गेले. मग सगळ्यांनी ते बघितले. तळवे करपलेल्या भाकरीसारखे तपकिरी, बोटांच्या पेरांना चिरा, कातडीचे पापुद्रे लोंबलेले. मल्लम्मानं नवऱ्याचे हात इतक्या दिवसांत पहिल्यांदा दिवसाउजेडी पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

या सगळ्या हातांमध्ये एक जोडी वेगळी होती. स्वच्छ, मऊ, हळद नुकतीच उतरलेल्या नवरदेवासारखी.

"धनाजी," रुद्रम्मा म्हणाली, "तुझे हात असे कसे रं?"

धनाजीनं हात खाली घेतले. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते झालेलं होतं.

"गावाचं म्हणणं हाय, म्या तुला मुद्दाम सोडला. का सोडला, तेबी गावाला ठावं हाय. तुझी बायको हितंच बसलीय. मला विचारू नका, तिला सांग तू."

द्वारकाबाई बायकांच्या घोळक्यात बसली होती. ती उभी राहिली. तिच्या हातात काही नव्हतं, पण धनाजीला ती नुसती उभी राहिलेली पुरायची.

"काय सांगतायसा?" द्वारकाबाई म्हणाली.

धनाजीनं पंचांकडं पाहिलं, मालकाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. तिघांत सगळ्यात जवळ बायको होती. "न्हाय गं! देवाशपथ न्हाय! म्या औषधाला हातच लावला न्हाय! तीन दिस लिंबाखाली बसून हुतो!"

"काय?" गौरीशंकर काठावरून उठला. "आन हाजरी उचलली?"

"बसूनच थकवा येतो, अण्णा, लई..."

"हाजरीचं मागनं बघा," रुद्रम्मा म्हणाली. "धनाजी, दसऱ्याला ह्यांच्यासंगट प्याला हुतास का?"

आता मागं फिरायला जागा नव्हती. लिंबाखाली बसल्याचं कबूल केलं होतं. तिथून बाटलीपर्यंत उतारच होता. "प्यालो की! सगळ्यांच्या बरोबरीनं प्यालो. हे लाल व्हायला लागले, मग ह्यांचे ऱ्हायलेले ग्लास वाया कशाला घालायचे म्हणून तेबी प्यालो!"

पारावरून कमानीचा बोर्ड स्पष्ट दिसत होता. तिकडं न बघण्याचा सगळ्यांनी एकाच वेळी प्रयत्न केला.

"ऐकलं?" रुद्रम्माचा आवाज चढला नव्हता. "ज्यानं औषध लावलं आन प्याला, तो पडला. सगळ्यांत जास्त प्याला, पर औषधाला शिवला न्हाय, तो शेंगदाणे खात हुता. आता सांगा, ह्यात म्या कुठं हाय?"

"ते खरं असंल," वीरप्पा सावरत म्हणाले, "पर तुझ्या तोंडून आदी निघालं. बाईच्या बोलण्यात कवा कवा असतंय काही..."

"असतंय? मग बघूच की. वीरप्पाअण्णा, तुमी औषधाला हात लावलेला न्हाय. या पुढं. धनाजीकडं असंलच काही उरलेलं. गावासमोर एक ग्लास मारा. म्या हितं उभी ऱ्हाते आन मला जेवढं येतंय तेवढं सगळं घालते तुमच्यावर. तुमचं तोंड लाल झालं तर हा नारळ माझ्या डोस्क्यात फोडा."

सिद्धलिंग पुढं सरकला. त्याला वाटलं, आपणच काहीतरी भरपाई करावी. "वैनी, म्या पितो! म्या पिऊन दाखवतो!"

"भावजी, खबरदार!" हा तिचा त्या सकाळचा पहिला मोठा आवाज. "तुमी आठवडाभर वासबी घ्यायचा न्हाय. कळलं का न्हाय? आठवडाभर!" सिद्धलिंग लेकरासारखा खाली बसला. रुद्रम्मा परत वीरप्पांकडं वळली. "तर, अण्णा?"

"म्या घेत न्हाय!" वीरप्पा ताठ होऊन म्हणाले.

"उन्हाळ्यात!" मागून कुणीतरी म्हणालं. "उन्हाळ्यात घेत न्हाईत, गरमी व्हती!"

पार फुटला. म्हातारे हसले, टोळीच्या बायका हसल्या, करपलेल्या हातांची माणसं हात पोटाशी धरून हसली. आणि औषधाला शिवलेले नसताना, थेंबही घेतलेला नसताना, वीरप्पांचं तोंड कानापासून गळ्यापर्यंत लालबुंद झालं. याला मात्र डॉक्टरांकडंही कारण सापडलं नसतं.

नारळ ताटात तसाच राहिला.

*

गौरीशंकरचा पिकअप दुपारी सोलापूरहून आला. पहिल्या खेपेला त्यानं दवाखान्यात वापरतात तसले पातळ हातमोजे आणले. रुद्रम्मानं एक हातात चढवला, बोट वाकवताच तो फाटला, तसाच तिनं त्याच्या हातात परत दिला. दुसऱ्या खेपेला कोपरापर्यंतचे रबरी आले, बंद चष्मे आले, कोट आले, आणि बांधावर टाकी आली. कॅन लिंबाखाली गेला, धनाजीच्या जागेवर.

टोळी गावातून निघाली तेव्हा कुत्री भुंकली. कोटातल्या, चष्म्यातल्या बायका एका रांगेत चालल्या होत्या आणि मल्लम्मा चष्म्यातून गावाकडं अशी बघत होती, जणू गावालाच पेस्ट लावायची राहिलीय. "शिनेमात काम मिळालं गं अक्का," ती म्हणाली. कुणीतरी ओट्यावरून पुटपुटलं, "भानामतीची टोळी." रुद्रम्मा थांबली, चष्मा कपाळावर घेतला आणि विचारलं, "कुणाचा शब्द हा? गुन्हा दाखल होतो, बाबा. नाव सांगता का?" ओटा रिकामा झाला.

संध्याकाळी कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, वेगळे धुवायचे. हात हातमोज्यांसकट आधी धुवायचे, मग हातमोजे काढायचे, मग परत धुवायचे. सिद्धलिंगच्या माणसांनी हे बांधावरून नीट बघून घेतलं. पुढच्या बागेला त्यांनीही हातमोजे मागितले. आमी काय बाया हाय का, हे वाक्य त्यानंतर ऐकू आलं नाही.

पुढची बाग वीरप्पांची होती.

ते स्वतः आले. ओसरीच्या पायरीपाशी उभे राहिले. उपरण्याखाली काहीतरी गोल होतं. "औंदा पाऊस बरा झाला," ते म्हणाले.

"झाला."

"परवा छाटणी हाय आपली."

"म्हायती हाय."

वीरप्पांनी उपरण्याखालून नारळ काढला आणि पायरीवर ठेवला. तोच तो, पाणीदार. "हे... लेकरांना."

"लेकरांना ठिवा. आन पारावर तुमी मला जो शब्द म्हणायला सांगितला हुता, तेवढा म्हणा. दोन मिन्टाचं काम."

वीरप्पांनी गल्लीत दोन्हीकडं पाहिलं. मग ते काहीतरी म्हणाले, इतक्या हळू की नारळालाही ऐकू गेलं नसावं.

"अण्णा, आतल्या बायांना ऐकू न्हाय आलं."

"चुकलो!" वीरप्पा ओरडले.

रुद्रम्मानं नारळ उचलला, कानाशी धरून हलवला आणि आत मल्लम्माकडं दिला. "चटणी वाट. टोळीला पुरंल एवढी." मग पायरीवर बसून विचारलं, "हं, अण्णा. हातमोजे किती जोड आणताय?"

आठ-दहा दिवसांनी गौरीशंकरच्या बागेत डोळे फुटले. वेलींचे.